साडेतीन फूट पूर्वेला

३ सप्टेंबर, रविवार
मायनॉट, नॉर्थ डकोटा

आणि वर माझ्याच पिकअपचा हप्ता काढायचा, हे बरं आहे तुझं, कोलेट. विषय काय चालला होता? तुझं कर्ज. मी एवढंच विचारलं की जुलैचा हप्ता का गेला नाही. त्यावर तू म्हणालीस, आधी तुझ्या गाडीला महिन्याला सहाशे अठ्ठ्याऐंशी डॉलर जातात ते बघ. मग मी दोन शब्द बोललो, तू चार बोललीस आणि फोन आपटलास. तेव्हापासून तुझा फोन लागतच नाही. सख्ख्या भावाचा नंबर बंद केलास. ठीक आहे. पोस्ट अजून कुणी बंद केलेलं नाही.

पिकअप मला कामावर नेते. काम गावापासून पन्नास मैलांवर आहे, उघड्या माळावर. तिथं बस जात नाही. तुझं सर्टिफिकेट तुला कुठं नेतं? आईच्या स्वयंपाकघरातून गावाच्या कचेरीत. पायी सात मिनिटं.

काल बँकेचं पत्र आलं. माझ्या नावानं, कारण जामीन मी आहे. जुलै गेला, ऑगस्ट गेला, हा सप्टेंबरही जाणार असं दिसतंय. दोनशे त्रेसष्टचे तीन हप्ते म्हणजे सातशे एकोणनव्वद डॉलर. ते ३१ ऑक्टोबरपर्यंत भरले नाहीत तर सगळे अठरा हजार सहाशे एकदम मागणार. तुझ्याकडे नसतील तर माझ्याकडून घेणार. माझ्याकडे काय आहे? पिकअप. म्हणजे तीच नेणार. मग मी काय घोड्यावरून जाऊ?

मी दहावीत शाळा सोडली हे तू दर भांडणात काढतेस, म्हणून हिशोब साध्या गुणाकारानं करतो. कचेरीत घरपट्टीचे नकाशे नीट करायचे तुला तासाला सव्वासतरा डॉलर. आठवड्याला बावीस तास, कारण त्याच्यावर गेलं तर त्यांना तुझा विमा काढावा लागतो. झाले तीनशे एकोणऐंशी डॉलर पन्नास सेंट. फ्राइजच्या कारखान्यात तुला तासाला एकवीस देतायत. चाळीस तास, वर विमा. झाले आठशे चाळीस. तिथं सर्टिफिकेट लागत नाही. केसांना जाळी लागते.

म्हणजे अठरा हजार सहाशे भरून तू काय विकत घेतलंस? आठवड्याला चारशे साठ डॉलर कमी मिळवायची परवानगी.

आणि आईनं फ्रिजवर चुंबकानं लावलेला तो कॉलेजचा कागद काढून टाक. 'नकाशे आणि भूगोल, एक वर्ष, त्यानंतरची कमाई वर्षाला एक्केचाळीस हजार.' कुणाला विचारून लिहिलं हे? तुमच्या वर्गात अकरा जण. त्यातला एक तर आधीपासून बापाच्या मोजणीच्या धंद्यात होता. त्यालाच विचारलं असणार. बाकी दहा जण माझ्या बहिणीसारखे घराघरात बसून फोन आपटतायत.

आईला सांग, घर तापवायच्या तेलाच्या टाकीचे दोनशे पाठवलेत. उत्तर देऊ नकोस. नाहीतरी देणार नाहीसच.

रेमी


१७ सप्टेंबर, रविवार

दिलं नाहीस. मी म्हटलं होतं देऊ नकोस, पण माणूस म्हणतो म्हणून काय झालं.

सध्या मला जरा सुटी आहे, म्हणून लिहितोय. कपडे धुवायला टाकलेत आणि मशिनसमोर बसलोय. शेजारची बाई माझ्याकडे बघतेय, कारण मी पेन कागदावर टेकवत नाहीये, खुपसतोय. राग आहे म्हणून. आणि राग तुमच्या जातीवर आहे, नकाशावाल्यांच्या.

आम्ही रस्त्याच्या कडेनं दक्षिणेकडून उत्तरेला पाण्याची नवी पाइप टाकतोय, माळावरच्या गावांसाठी. मोजणीवाले पुढं जाऊन लाकडी खुंट्या ठोकतात. मी मागून पोकलेन घेऊन त्या खुंट्यांवर चर खणतो. माझं काम एवढंच. खुंटी दिसली की खण. डोकं चालवायचं नाही, त्याचे पैसे वेगळे आणि ते दुसऱ्याला मिळतात.

तर या पट्ट्यात एक जुनी पाइप पण आहे. पन्नास वर्षांपूर्वीची, प्लास्टिकची. लोखंड असतं तर जमिनीवर धातू शोधायची काठी फिरवून आवाजानं कळलं असतं. प्लास्टिक बोलत नाही. म्हणून कागदावर विश्वास ठेवायचा. कागद सांगतो, पश्चिमेच्या कुंपणापासून नवी पाइप बारा फुटांवर आणि जुनी तिच्याही पुढं पाच फूट. मधे पाच फूट म्हणजे भरपूर जागा. डोळे मिटून खणावं.

गुरुवारी सकाळी बकेट खाली घातली आणि पाणी वर आलं. वर म्हणजे केबिनच्या काचेवर. दोन गावं दीड दिवस कोरडी. हाल्वर, आमचा मुकादम, साठीचा माणूस आहे, एरवी दिवसाला दहा शब्द बोलतो. त्या दिवशी महिन्याभराचे बोलला.

"खुंटीवर खणलंस का?"

"खुंटीवरच खणलं."

"मग पाइप चालत आली का तुझ्याकडं? पाय फुटले तिला?"

"मला काय विचारता, मोजणीवाल्याला विचारा."

मोजणीवाला डेरेक म्हणून एक पोरगा आहे. माझ्याच वयाचा. गळ्यात बिल्ला, हातात टॅबलेट, बुटाला चिखल नाही. त्यानं तो टॅबलेट हाल्वरच्या नाकासमोर धरला. म्हणाला, "बघा, यंत्र म्हणतंय खुंटी जिथं हवी तिथंच आहे. यानं बकेट तिरकी घातली." यंत्र म्हणतंय. मी काय म्हणतो ते कोण ऐकणार? माझ्याकडे बिल्ला नाही.

तर सुटी म्हणजे ती सुटी. तीन दिवस बिनपगारी. आईला सांगू नकोस. तुझे नकाशावाले तासाला पस्तीस घेतात, आणि त्यांच्या चुकीचे पैसे माझ्या पगारातून जातात. अशा धंद्यासाठी तू कर्ज काढलंस. मला वाटलं, तुला कळावं.

पिकअपचा हप्ता या महिन्यात कसा भरणार मला ठाऊक नाही. हे तुला खूश करायला सांगितलं.

रेमी


१ ऑक्टोबर, रविवार

कागद मिळाला तुझा. चार ओळी. वर 'रेमी' नाही, खाली 'कोलेट' नाही, कसा आहेस नाही. वीजबिल तरी नाव घालून येतं.

'एका जागी मोजू नकोस, दहा ठिकाणी मोज. खुंट्या कागदापेक्षा किती फूट सरकल्यात आणि कुठल्या दिशेला? सगळ्या एकाच दिशेला का? मोजणीवाले कुठल्या राज्यातले?'

मी तुझा नोकर आहे का? मी तुला शिव्या द्यायला पत्र लिहिलं आणि तू मला गृहपाठ पाठवलास.

चार दिवस जेवणाच्या सुटीत मोजलं. टेपचं दुसरं टोक चुय धरत होता. चुय माझ्याबरोबर चरात असतो, टेक्सासचा आहे, त्याला वारा आवडत नाही आणि इथं वाऱ्याशिवाय काही नाही. तो प्रत्येक खुंटीला विचारायचा, "तुझी बहीण देखणी आहे का? नसेल तर मी जेवायला जातो." मी सांगितलं, देखणी आहे पण बोलत नाही. तो म्हणाला, मग तर उत्तमच.

तर लिहून घे. कुंपणापासून बारा फूट हवेत. पहिली खुंटी साडेपंधरा. दुसरी साडेपंधरा. तिसरी साडेपंधराला बोटभर जास्त. पाचवी वाऱ्यानं टेप फडफडली म्हणून दोनदा मोजली, साडेपंधरा. दहाच्या दहा. सगळ्या साडेतीन फूट पूर्वेला. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडापासून मोजलेली एक खुंटी उत्तरेलाही सरकलेली निघाली, पण थोडी, वीतभराहून जरा जास्त. मी म्हटलं, ही चूक माझी असेल. चुय म्हणाला, नाही, मी टोक नीट धरलं होतं, माझ्यावर ढकलू नकोस.

मला वाटलं होतं कुणीतरी दारू पिऊन ठोकल्यात. पण पिऊन ठोकल्या असत्या तर एक इकडं गेली असती, एक तिकडं. या सगळ्या शाळेच्या रांगेत उभ्या केल्यासारख्या चुकल्यात. हे मला पहिल्यांदा दिसलं आणि दिसल्यावर जास्त राग आला. कुंपण माझ्या नाकासमोर होतं, टेप माझ्या पिकअपमध्ये होती, आणि मला मोजायला सांगितलं कुणी? दोन हजार मैलांवर बसलेल्या बाईनं.

मोजणीवाले मिनेसोटाचे. गाडीवर पाटी आहे तिथली. सप्टेंबरात नवीन आले. आधीचे इथलेच होते, त्यांच्या खुंट्यांना कधी काही झालं नाही. तुला काय करायचंय कुठल्या राज्याचे त्याच्याशी?

तू लहानपणापासून अशीच. बटाट्याच्या सुटीत शाळा तीन आठवडे बंद, सगळी पोरं शेतात. प्रत्येकाला एक पट्टी, वीस पावलांची. खणणारं यंत्र फेरी मारून परत यायच्या आत आपली पट्टी वेचून साफ करायची, पिंप भरलं की त्यावर आपल्या नंबराचं तिकीट लावायचं. कुणाला काही अडचण नव्हती. तुला होती. बारा वर्षांची होतीस. म्हणालीस, आर्मांडकाकाचे वीस आणि गीकाकाचे वीस सारखे नाहीत. आर्मांडच्या ढांगा लांब. त्यानं आखलेली पट्टी जास्त लांब, आणि मागं पडलेल्या पोरांना मात्र आळशी म्हणतात. मग दोरी घेऊन अख्खं शेत मोजत बसलीस. सगळे हसले. आर्मांडकाका म्हणाला, "ही पोरगी बटाटे नाही वेचणार, मला वेचणार!"

त्या दिवशी माझी पिंपं तुझ्यापेक्षा जास्त भरली. हे मला अजून आठवतं. असो.

हप्त्याचं काय ते लिही. दहा ठिकाणी मोजलंय, एका ओळीचं उत्तर मिळायला हरकत नाही.

रेमी


१५ ऑक्टोबर, रविवार

तुझा हिशोब बुधवारी आला. यावेळी वर 'रेमी' होतं. आभारी आहे.

मी तो तीनदा वाचला. मग चुयला वाचून दाखवला. तो म्हणाला, "म्हणजे दोन फूट आहेत?" मी म्हटलं, तसंच दिसतंय. तो म्हणाला, "मला एकच माहीत होता आणि तोही कधी पुरला नाही."

मला समजलंय की नाही ते तपास. देशात दोन फूट चालतात. एक मोजणीवाल्यांचा जुना, एक नवा, जगाला धरून केलेला. जुना नव्यापेक्षा लांब, पण किती, तर दहा लाख फुटांमागे दोन फूट. एवढ्यानं घर बांधणाऱ्याचं काही बिघडत नाही. पण नकाशावाले कुंपणापासून मोजत नाहीत. ते शेकडो मैल पश्चिमेला एक कोपरा मानतात, जिथं कुणी राहत नाही, आणि तिथून मोजत येतात. आमची खुंटी त्या कोपऱ्यापासून सतरा लाख सत्तर हजार फुटांवर. दहा लाखाला दोन, तर सतरा लाख सत्तर हजाराला साडेतीन. उत्तरेकडचं अंतर ज्या दक्षिणेच्या रेघेपासून मोजतात ती जवळ आहे, सव्वाचार लाख फुटांच्या जरा वर, म्हणून तिकडची चूक वीतभर. नॉर्थ डकोटाचे कागद नव्या फुटात आणि मिनेसोटाचं यंत्र जुन्या फुटावर लावलेलं. आल्या आल्या त्यांनी एका जुन्या लोखंडी खुणेवर यंत्र टेकवून ताळा घ्यायला हवा होता, तर पाच मिनिटांत कळलं असतं. घेतला नाही.

वीतभर माझी चूक नव्हती. हे तू वेगळ्या ओळीत लिहिलंस. ते मी बघितलं.

गुरुवारी हाल्वरकडे गेलो. तो गाडीच्या दारात बसून सूप पीत होता. मी म्हटलं, "खुंट्या सगळ्या साडेतीन फूट पूर्वेला आहेत. डेरेकचं यंत्र चुकीच्या फुटावर आहे."

"चुकीच्या काय?"

"फुटावर."

"कोण म्हणतं?"

"माझी बहीण."

"बहीण कुठं असते?"

"मेन राज्यात. कॅनडाच्या हद्दीला लागून."

त्यानं सूप खाली ठेवलं. "तिला तिथून माझ्या खुंट्या दिसतात?"

मी तुझा कागद दिला. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. वाचता वाचता ओठ हलत होते. मग म्हणाला, "बावीस मैलांची लाइन आहे. त्यातले दोन मैल पुरून झाले. हे खरं निघालं तर कुणाची तरी नोकरी जाईल. खोटं निघालं तर तुझी." आणि कागद खिशात घातला. परत दिला नाही. मला तो हवा होता.

म्हणजे आता माझी नोकरी तुझ्या गुणाकारावर टांगलेली आहे. झोप नाही लागत म्हटलं तर हसशील. पण हे सगळं बाजूला, कारण काल आईचा फोन आला आणि मला त्याच्याबद्दल बोलायचंय.

आई म्हणाली, कोलेटनं कारखान्यात सही केली. एक नोव्हेंबरपासून. कचेरीला महिनाअखेरीस राजीनाम्याची चिठ्ठी देणार. आई खूश होती. प्लोयची धिरडी भाजत होती, तव्याचा आवाज येत होता. "विमा मिळेल, हप्ते फिटतील, तू म्हणत होतास तसंच केलं बघ तिनं."

मी म्हणत होतो तसं? तू माझं ऐकलंस? माझ्या चोवीस वर्षांत एकदा तरी ऐकलंस? शाळा सोडू नकोस म्हटलं की मी सोडायचो, पिकअप घेऊ नको म्हटलं की मी घ्यायचो, आपलं असं चालतं. मी तावातावानं काहीही बोलतो आणि तू मान उडवतेस. हे ठरलेलं आहे. आता मधेच नियम बदलायचा म्हणजे काय?

हो, आठशे चाळीस हे तीनशे एकोणऐंशीपेक्षा जास्त आहेत. मीच लिहिलं. माझा गुणाकार बरोबर आहे. पण बटाटे पट्ट्यावरून जाताना काळा डाग दिसला तर बाजूला काढायचा, आठ तास, हे काम तू करणार? पहिल्याच दिवशी तू म्हणशील, पट्टा दर मिनिटाला अमुक फूट जातो, तमुक जायला हवा. आणि तिथं हाल्वरसारखा चष्मा पुसणारा कुणी नसेल. तुला जाळी घालून गप्प बसवतील.

माझं डोकं फिरलंय. सही परत घेता येते का ते बघ. की नको. विमा आहे. मला काही कळत नाहीये आणि ते लिहायलाही राग येतो.

रेमी


२२ ऑक्टोबर, रविवार

सोमवारी डेरेक आला, त्याच्याबरोबर पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा. दोघं रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या जुन्या लोखंडी खुणेपाशी गेले. यंत्र टेकवलं. म्हाताऱ्यानं टॅबलेट बघितला. डेरेकनं बूट बघितले. मी पोकलेनमध्ये बसून होतो, इंजिन बंद, काच खाली. म्हाताऱ्यानं एकदा फक्त टोपी काढून परत घातली.

बुधवारपर्यंत पुढच्या सगळ्या खुंट्या उपटून नव्या ठोकल्या. साडेतीन फूट पश्चिमेला. मी आणि चुयनं टेप लावली. बारा फूट. पुढची, बारा फूट. चुय म्हणाला, "तुझ्या बहिणीला सांग, मी टोक नीट धरलं होतं." सांगितलं.

पुरलेल्या दोन मैलांचं काय करायचं ते साहेब लोक बघतील. माफी कुणी मागितली नाही. डेरेक दिसला तर मान वळवतो. नोकरी कुणाची गेली ते अजून कळलेलं नाही. माझी नाही.

शुक्रवारी चेक मिळाला. त्यात छत्तीस तास जास्त. मी हाल्वरला विचारलं, हे काय? तो म्हणाला, "तीन दिवस. बकेट सरळ होती." एवढंच. मग जाता जाता वळला. "त्या तुझ्या बहिणीला विचार, पुढच्या टप्प्याचे कागद बघेल का. नुसती नजर टाकायची."

मी म्हटलं, "तासाला किती?"

तो हसला. मी हसलो नाही. म्हटलं, "चाळीस. वीस मिनिटांत तिनं तुमचे वीस मैल वाचवले, तुम्ही टॅबलेटवाल्याला पस्तीस देताय." त्यानं हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. सूप प्यायला गेला. तुला खोटी आशा दाखवत नाहीये, जे झालं ते सांगतोय. कॉलेजनं दाखवली तेवढी पुरे.

आता दुसरं. हे सांगायचं नव्हतं, पण मागच्या पत्रापासून डोक्यात आहे.

कर्जाच्या कागदावर पहिली सही माझी होती. तू करत नव्हतीस. तू म्हणत होतीस, दर सहामाहीला दोन-दोन विषय घेईन, नोकरी सांभाळून, तीन वर्षं लागली तरी चालेल, कर्ज नको. टेबलावर जेवण होतं, आई होती, नवी पिकअप दारात उभी होती आणि मला नॉर्थ डकोटाचं काम नुकतंच मिळालं होतं. मी म्हटलं, "सही कर गं, एका वर्षात उरकून टाक, मी आहे ना." आणि पेन घेऊन आधी मीच केली. सगळ्यांनी बघावं म्हणून. तू माझ्याकडे बघितलंस आणि मग केलीस.

हे तू एकदाही भांडणात काढलं नाहीस. पिकअप काढलीस, दहावी काढलीस, हे नाही. मी वाट बघत होतो. दर वेळी वाटायचं, आता काढेल. काढलं असतंस तर माझा आवाज एवढा चढला नसता.

आणि बटाट्याचं. तू दोरी घेऊन शेत मोजत होतीस तेव्हा तुझी दोन पिंपं भरलेली होती. मी त्यांच्यावरची तुझी तिकिटं काढून माझी लावली. सोळा वर्षं झाली. तुला तेव्हाच कळलं असणार, तुला सगळं मोजता येतं. तेही कधी बोलली नाहीस. तुझं हे न बोलणं फार त्रासदायक आहे, कोलेट. सरळ चार शिव्या दिल्यास तर माणूस सुटतो.

आता हिशोब. तीन दिवस, दिवसाला बारा तास, तासाला एकोणतीस. एक हजार चव्वेचाळीस. कर कापून हातात आले ते खाली लिहितो. हे माझे पैसे नाहीत. मी ते तीन दिवस कपडे धूत होतो आणि तुला शिव्या लिहीत होतो. ते परत आले तुझ्या कागदामुळे. तू लिहिलं होतंस वीस मिनिटं लागली. म्हणजे तासाला दोन हजार सहाशे चौदा डॉलर पडले. कॉलेजला सांग, फ्रिजवरच्या कागदात हा आकडा घाला म्हणावं. अकरा जणांच्या सरासरीत धरलात तर तुमची इभ्रत वाढेल.

तरी सर्टिफिकेट महाग होतं हे माझं मत कायम आहे. वीस मिनिटं रोज मिळत नाहीत. पण अठरा हजार सहाशे भरून तू काय घेतलंस ते मी पहिल्या पत्रात चुकीचं लिहिलं. ते खोडायला पत्र माझ्याकडे नाही, तुझ्याकडे आहे. तू खोड.

यातून सातशे एकोणनव्वद ३१ तारखेच्या आत बँकेत भर. उद्या सकाळी टपालात टाकतो, शुक्रवारपर्यंत पोचायला हवं. उरलेल्याचं काय करायचं ते सांगत नाही. एक तारखेला कारखान्याच्या फाटकातून आत जायचं की कचेरीत, तेही सांगत नाही. थकलेलं काही नसताना ठरव, एवढंच. थकलेलं असताना माणूस कशावरही सही करतो, हे मी करवून बघितलंय.

पिंप तुझं आहे, तिकीट तुझंच लावलंय. मनीऑर्डरवर नाव बघ, माझं कुठं नाही.

फोन चालू कर.

रेमी

सोबत मनीऑर्डर : आठशे एकाहत्तर डॉलर चाळीस सेंट.